किल्ली कोणाच्या कनवटीस?

(मनमाड येथे जमलेल्या शेतकरी-कामकरी मंडळींपुढे नांदगाव तालुक्यातील एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



आम्ही मराठी शाळेचे मास्तर. अध्यापक विद्यालयात दोन वर्षे शिकून बाहेर पडलो त्याला वीसांवर वर्षे झाली. तेव्हापासून फळा, हजेरी आणि पोषण आहाराची खिचडी यांतच आमचे दिवस जात आहेत. अशा माणसाने लढाईवर आणि बड्या राष्ट्रांच्या चढाओढीवर बोलावे, हे काहींस हसण्याजोगे वाटेल. हा विषय ठरला तेव्हा आमच्या गल्लीतले एक आजोबा म्हणाले, "मास्तर, लढाई रशियाची न् युक्रेनची, कांदा आपला. तुम्ही आपले कांद्यावर बोला." तर मंडळी, कांद्यावरही बोलणार आहोत. पण आधी रुळांवर बोलू. कारण हे मनमाड आहे, आणि येथे रूळ सर्वांस कळतात.

ज्यांचा जन्म स्टेशनाच्या आसपास गेला त्यांना लहान लाइन आठवत असेल. मुंबईकडून भुसावळकडे जाणारी ती मोठी लाइन. आणि येथून औरंगाबाद-जालन्यावरून निजामाच्या मुलखात, थेट सिकंदराबादेपर्यंत जाणारी ती लहान लाइन. मोठीच्या रुळांतले अंतर पाच फूट सहा इंच, लहानीचे एक मीटर. ही लहान लाइन १९०० च्या सुमारास झाली आणि १९९० नंतर तिचे रुंदीकरण होईपर्यंत तशीच राहिली. एवढी वर्षे मराठवाड्याचा माल मनमाडास आला की डब्यातून उतरवावा, हमालांनी पाठीवर घ्यावा आणि मोठ्या डब्यात भरावा. दोन्ही गाड्या लोखंडाच्या, दोन्हींना कोळसा तोच, माल तोच. अडचण एवढीच की मोजमाप निराळे. ते मोजमाप हमालाने ठरविले नव्हते आणि कापूसवाल्यानेही नाही. पाठ मात्र हमालाची वाकली आणि भाडे कापूसवाल्याच्या पदरी पडले.

हीच गोष्ट २०२२ साली युक्रेनात घडली. रशियाने हल्ला केला, समुद्राची बंदरे बंद पडली, तेव्हा त्या देशाने आपला गहू-मका रुळांवरून पोलंडकडे काढला. सरहद्दीवर गाड्या थांबल्या. युक्रेनचे रूळ जुन्या रशियन मापाचे, एक हजार पाचशे वीस मिलिमीटरचे. पलीकडे युरोपचे एक हजार चारशे पस्तीस. चार बोटांचा फरक! त्या चार बोटांपायी धान्य सरहद्दीवर तुंबले. मोजमाप कोणी ठरविले आणि ते बदलण्याची मुखत्यारी कोणाकडे आहे, या प्रश्नाला शांततेच्या दिवसांत कोणी विचारीत नाही. लढाई लागली की त्याला तोफेइतकी किंमत येते.

आता लढाई आपल्या दारात कशी येते, हे नाशिक जिल्ह्याला फार समजावून सांगावयास नको. २०२३ च्या नोव्हेंबरापासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथींनी जहाजांवर मारा सुरू केला. पुढच्या हंगामात आपल्या द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून युरोपास गेले, भाडे चढले आणि दिवस वाढले. २०२५ साली चीनने विद्राव्य खतांची पाठवणी रोखली, तेव्हा ठिबकवाल्यांची कशी धावपळ झाली हे येथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी दुकानाच्या पायरीवर उभे राहून अनुभविले आहे. हे सारे उघड दिसते. आम्हांस आज बोलावयाचे आहे ते न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल.

मेलितोपोल नावाचे शहर युक्रेनच्या दक्षिणेस आहे. ते रशियन फौजेने घेतले. तेथे शेतीच्या यंत्रांचा एक व्यापारी होता. त्याच्या आवारातून जॉन डिअर कंपनीची सत्तावीस यंत्रे, ट्रॅक्टर, पेरणीची यंत्रे, कापणी-मळणीची मोठी धुडे, फौजेच्या लोकांनी उचलून नेली. किंमत सुमारे पन्नास लाख डॉलर. त्यांतली काही हजार-अकराशे किलोमीटरवर चेचन्यात पोचली. तेथे उतरवून सुरू करू गेले, तर एकही चालू होईना! व्यापाऱ्याने दूर बसून ती कुलूपबंद केली होती. २०२२ च्या मे महिन्यात ही बातमी जगभर झाली, आणि चोरांची फजिती झाली म्हणून सगळे हसले. आम्हीही हसलो. चोराची फजिती व्हावीच.

पण रात्री अंथरुणावर पडलो असता मनात आले, की जे कुलूप चोराला लागले ते धन्यालाही लागू शकते की नाही? कुलपाला चोर-साव ओळखता येत नाही. ते किल्लीवाल्याचे ऐकते. आणि किल्ली ट्रॅक्टर विकत घेणाऱ्याच्या कनवटीस नाही, ती दूर तिसऱ्याच कोणाच्या कनवटीस आहे. ह्याच कंपनीच्या यंत्रांवरून अमेरिकेतले शेतकरी किती वर्षे भांडत आहेत! यंत्र बिघडले तर गावच्या मेकॅनिकाला ते खोलता येते, पण पोटातला संगणक कंपनीच्या माणसावाचून हूं का चूं करीत नाही. गहू शेतात उभा आणि शेतकरी कंपनीच्या गाडीची वाट पाहत बांधावर बसलेला. कोलोरॅडो नावाच्या प्रांताने २०२३ साली शेतकऱ्याला आपले यंत्र आपण दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या शेतकऱ्याला स्वतःच्या ट्रॅक्टरला पाना लावण्याकरिता कायदा मागावा लागतो! आपल्याकडचे पुष्कळसे ट्रॅक्टर अजून हातोडी-पान्याला दाद देतात, म्हणून आपल्याला हे दुखणे ठाऊक नाही. नवी यंत्रे येतील तसे ते येईल.

यंत्राच्या पोटात असते तरी काय, ते आमच्या बुद्धीप्रमाणे सांगतो. प्रत्येक संगणकात, मोबाइलात, फवारणीच्या ड्रोनात एक पोथी असते. 'असे झाले तर असे कर, तसे झाले तर तसे कर,' अशा हजारो-लाखो ओळी. ती पोथी माणसे लिहितात आणि माणसांना ती वाचता येते. तिला सोर्स कोड म्हणतात. पण आपल्या हाती ती पोथी येत नाही. ती दळून, यंत्राला समजेल पण माणसाला समजणार नाही असे पीठ करून आपल्याला देतात. पिठाची भाकर होते, पोट भरते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पिठावरून दाणा कोणत्या जातीचा होता ते कळत नाही, आणि पीठ पेरले तर उगवत नाही. पुन्हा दुकानदाराकडेच जावे लागते.

आता आला कांदा. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास निवडक कांदे लावून डोंगळे धरतात. दांडे वर येतात, पांढरे गोंडे फुलतात, मधमाश्या घोंगावतात, आणि उन्हाळ्यात बी झाडून मडक्यात किंवा डब्यात ठेवतात. आमच्या आईने पंचवीस-तीस वर्षे हे केले. कोणता कांदा टिकला, कोणता चाळीत सडला, कोणाला जोड निघाले, हे पाहून ती दरसाल निवड करी. शेजारणीला चार मुठी देई आणि तिच्याकडच्या चार मुठी घेई. कोणाची परवानगी नाही की करारनामा नाही. आपल्या देशाच्या २००१ च्या कायद्यानेही शेतकऱ्याचा बी राखण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क मान्य केला आहे. फक्त कंपनीची छापील जात तिच्या नावाने विकता येत नाही. उलट पाकिटातले संकरित बी. पीक चांगले देते, खोटे कशाला बोला. पण त्याचे बी धरून पुढच्या साली लावले तर वाण फुटतो, आणि पुन्हा पाकीट आणावे लागते.

संगणकाच्या दुनियेतही डोंगळे धरणारी माणसे निघाली. अमेरिकेतला रिचर्ड स्टॉलमन म्हणून एक गृहस्थ. त्याच्या कचेरीतले छापण्याचे यंत्र वारंवार अडे. पोथी मिळाली तर सुधारून घेऊ म्हणून त्याने ती मागितली, तर मिळाली नाही. १९८३ साली त्याने जाहीर केले, की मी सर्वांना वाचता येईल, बदलता येईल आणि वाटता येईल अशीच पोथी लिहिणार. पुढे त्याने एक शर्त घातली ती फार मार्मिक आहे: ही पोथी ज्याने घेतली, सुधारली आणि पुढे दिली, त्याने ती उघडीच दिली पाहिजे, मधल्यामध्ये कुलूप घालता कामा नये. १९९१ साली फिनलंडातल्या लायनस टोरव्हाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहावयास घेतले आणि पुढे ते याच शर्तीखाली आणले. आज आपल्या खिशांत जे अँड्रॉइडचे मोबाइल आहेत त्यांच्या तळाशी हेच लिनक्स आहे. बी वाटले तर मडक्यातले कमी तरी होते. पोथी वाटली तर कमी होत नाही. एवढाच डोंगळ्यांत आणि हिच्यात फरक.

मग हा जर परोपकाराचा मामला, तर त्याचा बड्या राष्ट्रांच्या चढाओढीशी संबंध काय? पानेवाडीकडे पाहा. मुंबईहून नळाने येणारे तेल तेथल्या टाक्यांत साठते आणि तेथून टँकर सुटतात; तेल म्हणजे काय हे मनमाडकरांना सांगणे नको. गुजरातेत वाडिनार येथे नायरा नावाच्या कंपनीचा तेल शुद्ध करण्याचा मोठा कारखाना आहे. तिचे पंप देशभर आहेत. तिच्यात रशियाच्या सरकारी तेलकंपनीचा निम्म्याला टेकलेला हिस्सा. २०२५ च्या जुलैत युरोपियन युनियनने युक्रेनच्या लढाईपायी तिच्यावर निर्बंध घातले. आणि चारच दिवसांनी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने नायराच्या नोकरांची पत्रव्यवहाराची सोय बंद केली. ध्यानात घ्या: कारखाना हिंदुस्थानात, नोकर हिंदुस्थानी, भाडे भरलेले, आणि निर्बंध युरोपचे, आपल्या सरकारने ते मान्यही केलेले नव्हते. तरी सकाळी कचेरी उघडली तो कागद गायब! नायरा दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली, तेव्हा काही दिवसांनी मायक्रोसॉफ्टने सोय पुन्हा सुरू केली. पण जे एकदा बंद करता येते ते दुसऱ्यांदाही करता येते. गोळी नाही, बाँब नाही. एका बटणाने कामकाज थांबले. आधुनिक लढाईचे हे एक शस्त्र आहे, आणि ते आपण स्वतः भाडे भरून घरात आणून ठेवतो.

ओझर येथून फार लांब नाही. चांदवड, पिंपळगाव ओलांडले की आले. १९६४ पासून तेथे विमानांचा कारखाना आहे. मिग झाली, सुखोई झाली, आणि २०२५ च्या १७ ऑक्टोबरास तेथे जुळविलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात गेले. आपल्या द्राक्षाच्या मांडवावरून ते गेले तेव्हा कोणाचीही छाती फुगावी. पण या तेजसची जुनी हकीकत फार थोड्यांना ठाऊक आहे. ह्या विमानाची घडण अशी आहे, की ते सांभाळण्याचे काम क्षणोक्षणी संगणक करतो; तो अडला तर नुसत्या वैमानिकाच्या हाताने ते सांभाळावयाचे नाही. म्हणजे विमानाचा जीव त्या पोथीत. १९९८ साली आपण पोखरणला अणुस्फोट केले. त्या वेळी आपले काही अभियंते अमेरिकेत तेथल्या कंपनीबरोबर ह्याच पोथीच्या कामावर होते. अमेरिकेने निर्बंध घातले आणि त्यांना तेथून परत यावे लागले. झाले असते ते काम तेथेच संपले. पण आपल्या लोकांनी बेंगळुरास बसून उरलेले काम पुरे केले आणि २००१ च्या ४ जानेवारीस विमान उडविले. पोथी आपली झाली. इंजिन मात्र अमेरिकेचेच राहिले. २०२१ साली नव्याण्णव इंजिनांचा करार झाला, आणि त्यांतले पहिले इंजिन २०२५ च्या मार्चात हाती पडले. तोवर विमानाचा सांगाडा तयार आणि बैल नाही म्हणून गाडी उभी, अशी गत.

त्याच्याही आधीची गोष्ट पुण्याची. ऐंशीच्या दशकात आपल्याला हवामानासाठी व संशोधनासाठी अमेरिकेचा महासंगणक हवा होता. हवा होता तो मोठा दिला नाही. लहान दिला, तोही अटी घालून. तेव्हा १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या हाताखालच्या मंडळींनी १९९१ साली परम ८००० उभा केला. त्याचे कौतुक सर्व जण करतात, आम्हीही करतो. फक्त एक गोष्ट सांगावयाची राहते, ती अशी की त्याच्या पोटातले चिप विलायतेचे होते. आता रिस्क-फाइव्ह म्हणून चिपचा एक उघडा आराखडा निघाला आहे, कोणीही घ्यावा आणि त्यावर आपला चिप बेतावा. मद्रासच्या आय.आय.टी.ने आणि सी-डॅकने त्यावर आपले चिप बेतलेही आहेत. ज्या संस्थेकडे तो आराखडा आहे तिने २०२० साली आपले बिऱ्हाड अमेरिकेतून स्वित्झर्लंडात हलविले. का? अमेरिका आणि चीन यांच्या भांडणात आपल्या दाराला कोणी कुलूप घालू नये म्हणून.

येथवर ऐकून कोणास वाटेल, की मास्तरांनी एक नवा देव आणला. उघडी पोथी म्हणा आणि सुखी व्हा. तसे नाही. आम्ही देव आणणाऱ्यांतले नव्हे. या उघड्या पोथीच्या दोन गोष्टी आम्हांस खटकतात, त्या झाकून ठेवणे आम्हांस जमणार नाही.

पहिली अशी. २०२४ च्या ऑक्टोबरात लिनक्सचा सांभाळ करणाऱ्यांच्या यादीतून सुमारे डझनभर रशियन माणसांची नावे एकाएकी काढून टाकली. कारण निर्बंध. त्यांतले कित्येक वर्षानुवर्षे फुकट राबलेले. टोरव्हाल्ड्स साहेबांनी त्या कृत्याची बाजू घेतली. म्हणजे पोथी बंद झाली नाही. रशियनांना ती अजून घेता येते, वाचता येते, बदलता येते. पण पंगतीतून मात्र उठविले! आपल्या समाजाला पंगतीतून उठविणे म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. युक्रेनच्या माणसांचे घर जळत असता रशियाशी कसलाच व्यवहार नको, असे कोणी म्हटले तर त्याचे दुःख आम्ही समजू शकतो. पण जगाची म्हणून जी पंगत मांडली, तिच्या दारावरचा शिपाई एका देशाच्या कायद्याचा नोकर निघाला, ही गोष्ट विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक कठीण. आर्डूपायलट नावाची एक उघडी पोथी आहे. लहान विमाने उडविण्याच्या छंदापायी ती काही हौशी लोकांनी २००९ च्या सुमारास सुरू केली. तिच्यावर शेताची मोजणी करणारी यंत्रे चालतात, हरवलेल्यांचा शोध घेणारी चालतात. २०२५ च्या १ जूनला युक्रेनने ट्रकांवरच्या लाकडी खोक्यांत लपवून ११७ ड्रोन रशियात खोलवर नेले आणि त्यांच्या विमानतळांवर सोडले. तेथे बाँबफेकी विमाने जळाली. त्या ड्रोनांतही हीच पोथी होती, असे प्रसिद्ध झाले. विळा उघड्यावर ठेवला तर त्याने ज्वारीही कापली जाते आणि मानही. ह्यावर कुलूप हा उपाय आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही, कारण बंद पोथीच्या तोफा काही कमी माणसे मारीत नाहीत. पण उघडे ते सारे पवित्र, ही समजूत आम्ही सोडली.

आणि लढाईबद्दल आमचे मत विचाराल तर तेही सांगून टाकतो. देवळालीस तोफखान्याची शाळा आहे. आपल्या गावांतली मुले फौजेत आहेत, आमच्या हाताखाली पाढे शिकलेलीही आहेत. २०२५ च्या एप्रिलात पहलगामला सव्वीस माणसे मारली, मे महिन्यात चार दिवस लढाई झाली, आणि त्या चार दिवसांत टीव्हीवरच्या मंडळींनी घरबसल्या काय काय शहरे घेतली ते आपण पाहिले. त्याच वेळी पूंछमध्ये तोफगोळ्यांनी घरांत बसलेली साधी माणसे मेली. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई त्या चार रात्री ओट्यावर बसून होती. टीव्ही लावू नका म्हणाली. पहारा पाहिजे, पहाऱ्यावाचून राज्य राहत नाही, हे खरे. पण लढाईची हौस त्यांनाच असते ज्यांच्या घरचे कोणी तेथे नसते. नव्या लढाईत तर मारणारा शेकडो कोस दूर पडद्यापुढे बसलेला. मरणारा मात्र पूर्वीप्रमाणेच शेतकऱ्याचा मुलगा, आणि सुरुंग पेरलेले शेतही शेतकऱ्याचेच. त्यातून देशाला शस्त्र लागणारच असेल तर त्याची किल्ली परक्या कनवटीस नसावी, एवढे मागणे रास्त आहे. संरक्षण खात्याने २०२३ साली आपल्या कचेरीतल्या संगणकांसाठी उघड्या पोथीवर बेतलेली 'माया' नावाची यंत्रणा घ्यावयाचे ठरविले, ते म्हणूनच.

काही देशाभिमानी मंडळी म्हणतात, परदेशी कंपनी नको, आपल्या देशी शेटजीची घ्या. घ्या की! पण देशी म्हणजे उघडे नव्हे. कुलूप अलिगढचे असले तरी ते कुलूपच. याच मनमाडात १९३८ च्या फेब्रुवारीत रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगारांना दोन वैऱ्यांची नावे सांगितली होती, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एकाने विद्या कोंडून ठेवली, दुसऱ्याने धन. आज ज्या कंपन्या जगावर राज्य करतात त्यांनी दोन्ही एकाच तिजोरीत ठेविली आहेत. त्यांत काळा-गोरा, देशी-विलायती असा भेद करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

आता आमच्या शाळेची गोष्ट सांगतो आणि आवरतो. शाळेला पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा आम्ही गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या. पहिली मुलगी शाळेत कोण आली, तिच्या बापाला लोक काय बोलले, दुष्काळात शाळा कोठे भरे, वेशीबाहेरच्या पोरांना कोठे बसवीत. चाळीसएक माणसांच्या आठवणी. लोकवर्गणीतून घेतलेल्या संगणकावर त्या रात्री जागून टंकल्या. मराठी अक्षरे उमटविण्याची यंत्रणा एका कंपनीची विकत घेतली होती. दोन-तीन वर्षांनी संगणक बिघडला, नवा आणला, तो त्या यंत्रणेची किल्ली नव्यावर चालेना. दुकानदार म्हणाला, कंपनीने तो प्रकार बंद केला, नवा घ्या. नवा घेतला तर जुने कागद उघडतात, पण 'आई' च्या जागी उंदीर चालल्यासारखी चिन्हे! कंपनीने मराठी अक्षरांना आपल्या घरचे आकडे दिले होते. आणि ते आकडे तिच्यावाचून दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते. भाषा आमची, आठवणी आमच्या, रात्री जागून टंकले आम्ही, आणि वाचण्याची मुखत्यारी दुसऱ्याची. तेवढ्या काळात त्या चाळीसांतली अकरा माणसे वारली होती.

आमच्या हाताखाली शिकलेली एका कुंभाराची मुलगी तेव्हा येवल्यास कॉलेजात होती. ती सुटीत आली असता तिला सहज दाखविले. तिने म्हटले, मास्तर, पाहू या. तिने उघडी पोथी असलेली एक अक्षरे बदलण्याची यंत्रणा कोठून तरी उतरवून घेतली. ती आमच्या कागदांना तंतोतंत लागू पडेना. पण उघडी होती, म्हणून तिला आत शिरता आले. छापलेला एक जुना कागद शेजारी ठेवून, कोणत्या उंदराचा 'क' आणि कोणत्याचा 'ख', असे ती बारा दिवस जुळवीत बसली. जोडाक्षरांनी तिला रडविले. शेवटी एकतीस माणसांच्या आठवणी परत आल्या. बाकीच्या फाइलीच खराब झाल्या होत्या. वारलेल्या अकरांपैकी सातांच्या मिळाल्या, चौघांच्या गेल्या. त्या चौघांत आमच्या गावच्या पहिल्या शिकलेल्या बाई होत्या. त्यांनी काय सांगितले ते आम्हांस थोडे आठवते. पण त्यांच्या शब्दांत नाही.

तेव्हा आम्हांस एक गोष्ट कळली, जी पुस्तकातून कळली नव्हती. पोथी उघडी होती, पण ती आमच्याही पुढ्यात उघडीच पडली असती आणि आम्हांस तिचे एक अक्षर लागले नसते. उघडी पोथी हा अर्धा भाग. दुसरा अर्धा म्हणजे ती वाचणारी कुंभाराची मुलगी. केरळ सरकारने २००१ सालापासून शाळांत संगणक शिक्षण सुरू केले आणि पुढे सर्व सरकारी शाळांना उघड्या पोथीवर आणले. लाखो यंत्रांचे भाडे वाचले हा त्यांचा एक हिशेब आहे. आम्हांस त्याहून मोठे वाटते ते असे, की तेथल्या मास्तरांना आधी शिकविले. आपल्याकडे संगणक येतो, फोटो निघतो, आणि मग खोलीला टाळे लागते. त्याची किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापक मीटिंगला. हसू नका, आम्हीही अशी किल्ली खिशात घालून फिरलो आहोत.

आता ते टाळे काढले आहे. शाळेत पाच जुने संगणक आहेत. सर्वांवर लिनक्स घातले आहे, मराठी अक्षरे युनिकोडची, फुकट आणि कोणत्याही यंत्रावर वाचता येणारी. शनिवारी शाळा सकाळची असते. अकरानंतर खोली मोकळी असते. ती मुलगी आता पुण्यास नोकरीस आहे, पण महिन्यातून एक शनिवार येते. सुतार-लोहार मंडळींची पोरे आली तर अधिक चांगले, कारण बिघडलेले यंत्र पाहून त्यांना भीती वाटत नाही. मुलींना पाठवावे. कोणाच्या घरी बंद पडलेला संगणक धूळ खात असेल तर तोही आणावा, सुटे भाग उपयोगी पडतात. आणि ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांनी त्यांनाही बैलगाडीतून का होईना घेऊन यावे. आठवणी पुन्हा लिहून घेण्याचे काम चालू केले आहे, आणि ह्या खेपेस त्या कागदावरही छापून ठेवणार आहोत.